मुलांचे पुस्तक निवडताना गंमत आधी

मुलांचे पुस्तक विकत घेणारा एक असतो आणि ते वाचणारा दुसराच असतो, आणि बालसाहित्याच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात. प्रौढ वाचक कादंबरी घेतो तेव्हा ती आपल्याला आवडेल का, एवढेच पाहतो. मुलांच्या पुस्तकाचे पैसे मात्र आईवडील, आत्या, मामा, शाळेचे मुख्याध्यापक किंवा सरकारची खरेदी समिती देते, आणि या सर्वांना त्या पुस्तकाकडून काहीतरी काम करून घ्यायचे असते. शब्दसंग्रह वाढावा, थोरांचा आदर्श समोर यावा, खोटे बोलू नये हे कळावे, हातातला मोबाईल सुटावा. पुस्तक प्रदर्शनात लहानांच्या टेबलाशी थोडा वेळ उभे राहिले, तरी हे दिसते. मूल एखादे चित्र पाहून पुस्तक उचलते, पालक ते त्याच्या हातातून घेऊन मागची बाजू वाचतात, यातून काय शिकायला मिळेल असे विक्रेत्याला विचारतात, आणि बहुधा दुसरेच एखादे पुस्तक पिशवीत पडते.

माझे म्हणणे असे आहे की मुलासाठी पुस्तक निवडताना ते वाचताना त्याला मजा येईल का, हा पहिला प्रश्न असला पाहिजे आणि बाकीचे सारे प्रश्न त्यानंतर यायला हवेत. या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हक्क शक्य तितका मुलाकडेच राहिला पाहिजे. हे म्हणणे वरवर निरुपद्रवी वाटते, पण शाळांची खरेदी, बक्षिसांच्या याद्या आणि घरोघरच्या सवयी पाहिल्या, तर आपण सर्वत्र याच्या नेमके उलट वागतो आहोत हे लक्षात येते.

बोधाकडे झुकण्याची ही सवय जुनी आहे आणि तिची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके आली ती शाळांच्या गरजेतून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीतीची भाषांतरित पुस्तिका १८२८ मधली. तिच्यामागे नव्या शाळांतील मुलांना वाचायला शिकवणे आणि नीती शिकवणे हे दोन्ही हेतू होते. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेले ‘बालबोध’ मासिक चरित्रे, शास्त्रीय माहिती आणि उपदेश यांनी भरलेले असे, आणि ज्या काळात लाखो घरांत दुसरे छापील पानच नव्हते, त्या काळात ते मोठेच काम होते. वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये निघाले, तेव्हा नावातच मुलांच्या आनंदाला जागा मिळाली. या मंडळींबद्दल मला आदरच वाटतो. पण ज्या घरात शाळेचे पुस्तक, शिकवणीचे पुस्तक, सरावाची वही आणि पडद्यावरचे शैक्षणिक व्हिडिओ हे सगळे आधीच हजर आहे, तिथे गोष्टीच्या पुस्तकानेही पुन्हा शिकवणीच घ्यावी, हा आग्रह आता कशासाठी?

शिवाय गमतीची परंपराही मराठीत तितकीच भक्कम आहे. ना. धों. ताम्हनकरांचे गोट्या आणि चिंगी हे खोडकर, चौकस आणि कधीकधी मोठ्यांना अडचणीत आणणारे आहेत. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, हा हडकुळा, सायकलवरून सुसाट जाणारा, तोंडाने ‘ट्टॉक’ करणारा पोरगा आहे. तो शूर आहे, पण शौर्याचा धडा देण्यासाठी त्याला आणलेला नाही. त्याला गप्प बसवत नाही म्हणून तो संकटात उडी घेतो, आणि वाचणारे पोर पुढच्या पानावर काय होते हे कळल्याशिवाय जेवायला उठत नाही. पुढे ज्ञानपीठाचे मानकरी ठरलेल्या विंदा करंदीकरांनी मुलांसाठी ‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ अशी पुस्तके लिहिली. त्यांत उलटेसुलटे कायदे आहेत, हसवणारी भुते आहेत, जिभेला नाचवणारी यमके आहेत आणि तात्पर्य कुठेच नाही. मराठी कथेतील एक अत्यंत गंभीर लेखक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या जी. ए. कुलकर्णींनाही ‘बखर बिम्मची’ लिहावीशी वाटली. ज्या भाषेतल्या इतक्या मोठ्या लेखकांनी मुलांच्या हसण्याला आपली पूर्ण ताकद दिली, त्या भाषेतल्या शाळांच्या कपाटांत मात्र एकाच साच्यातल्या चरित्रमाला आणि बोधकथांचे संच का भरलेले असावेत, हा प्रश्न प्रत्येक खरेदी समितीने स्वतःला विचारायला हवा.

गमतीचा मुद्दा केवळ मायेचा नाही, वाचनाच्या प्रक्रियेशी त्याचा थेट संबंध आहे. अक्षर ओळखणे आणि वाचता येणे या दोन गोष्टींच्या मध्ये फार मोठे अंतर असते. जोडाक्षरापाशी अडखळणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेले असते. हे अडखळणे संपायला एकच मार्ग आहे, तो म्हणजे भरपूर वाचणे, आणि भरपूर म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी पट. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेली ‘असर’ पाहणी ग्रामीण भागातील मुलांच्या घरी जाऊन त्यांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देते, आणि देशभरातील पाचवीच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांनाच तो नीट वाचता येतो, असे तिच्यातून पुन्हा पुन्हा दिसले आहे. या मुलांना आपण काय देतो? आणखी सराव, आणखी उतारे, आणखी प्रश्न. एखादे मूल एकच गोष्ट दहा वेळा वाचेल तर ते शिक्षक सांगतात म्हणून वाचणार नाही. त्यातल्या माकडाने टोपी पळवल्यावर त्याला दर वेळी हसू येते, म्हणून वाचेल. त्या दहा वाचनांत जे घडते ते कोणत्याही कार्यपुस्तिकेने घडवता येत नाही. मालिकेतील एकामागून एक पुस्तके झपाटल्यासारखी वाचणाऱ्या मुलाकडे पाहून ‘तेच तेच वाचतो’ अशी तक्रार होते, पण ओळखीची पात्रे आणि ओळखीची शैली यांच्यामुळेच त्याचा वाचनाचा वेग वाढत असतो.

आता गमतीचे पुस्तक म्हणजे कोणते, हे नीट सांगायला हवे, कारण बाजारात रंगीबेरंगी पुस्तकांची कमतरता नाही आणि त्यांतली बरीचशी कंटाळवाणी आहेत. चकचकीत कागदावर, कुठून तरी उचललेल्या चित्रांसह, पंचतंत्रातली तीच सिंह-सशाची गोष्ट शंभराव्यांदा घाईत सांगणारी, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली आणि शेवटी जाड ठशात तात्पर्य छापणारी पुस्तके स्वस्त असतात म्हणून संचाने विकली जातात. अशा पुस्तकात चित्र मजकुराचे काहीच ऐकत नाही. गोष्टीत रात्र असते आणि चित्रात सूर्य. मुलांना हे लगेच दिसते, कारण मुले चित्र मोठ्यांपेक्षा फार बारकाईने पाहतात. याउलट माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके पाहावीत. त्यांतली घरे खरी असतात, माणसे खऱ्या माणसांसारखी बसतात, बोलतात आणि चिडतात, आणि मजकुरात न सांगितलेले कितीतरी चित्रात चाललेले असते. त्यात धावपळ नाही, राक्षस नाही, तरी मूल पान उलटून पुन्हा मागे येते. गंमत म्हणजे गोंगाट नव्हे, हे समजण्यासाठी मराठीत याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

पुस्तक हातात घेतल्यावर मोठ्यांनी काय पाहावे, याचे माझे काही ठोकताळे आहेत. पहिले पान मोठ्याने वाचून पाहावे; वाचताना जीभ अडली, तर ते वाक्य टेबलावर बसून जुळवलेले आहे असे समजावे. पात्रांच्या तोंडची भाषा माणसांची आहे की निबंधाची, हे दोन संवादांत कळते. गोष्टीतले मूल स्वतः काही करते आहे का, की सगळा पेच शेवटी आजोबा सोडवतात, हे पाहावे. लहान मुलांशी बोबडे बोलणारी पुस्तके मला अजिबात पटत नाहीत, कारण पाच वर्षांच्या मुलालाही आपल्याशी कुणीतरी खोटे लाडात बोलत आहे हे कळते. आणि हसू कुणावर आहे, हे तर पाहिलेच पाहिजे. जाड्या मुलाच्या शरीरावर, सावळ्या मुलीच्या रंगावर, कुणाच्या बोलीवर किंवा तोतरेपणावर उभारलेला विनोद वर्गातल्या तीस मुलांना हसवील, पण त्याच वर्गातल्या एकाला पुस्तकापासून कायमचा तोडेल. असे पुस्तक नाकारणे हे मोठ्यांचे कामच आहे, आणि तिथे मुलांच्या आवडीची सबब सांगून हात झटकता येणार नाहीत.

यातूनच एक अवघड गोष्ट पुढे येते. मराठी बालसाहित्यातील गमतीचे घर बराच काळ एका ठरावीक वस्तीत राहिले. पुण्या-मुंबईतला वाडा, चाळ किंवा सोसायटी, सुट्टीत कोकणातले आजोळ, शाळेत स्नेहसंमेलन. हे जग खोटे नाही, पण मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या, गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या किंवा ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर राहणाऱ्या मुलाला या गोष्टींत हसायला आधी बरेच काही समजून घ्यावे लागते. विनोद समजावून सांगावा लागला की तो संपतो. या मुलांसाठी शब्द कमी आणि चित्रांत घडणारे जास्त, अशी पुस्तके प्रथम लागतात; त्यांच्या बोलीतले शब्द, त्यांच्या रानातले प्राणी आणि त्यांच्या घरातल्या खोड्या असलेली पुस्तके त्याहून जास्त लागतात. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर खुल्या परवान्याखाली अनेक भाषांतील चित्रगोष्टी मोफत उपलब्ध आहेत आणि कुणालाही त्या आपल्या बोलीत आणता येतात. एखाद्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाने वर्गातल्या मुलांच्या मदतीने अशा दहा गोष्टी त्यांच्या भाषेत आणल्या, तर मला ते काम कितीतरी चर्चासत्रांपेक्षा मोलाचे वाटेल.

मुलांचा दुसरा गट शहरांतला आहे आणि त्याची अडचण वेगळी आहे. इंग्रजी माध्यमात शिकणारी, पण घरी मराठी बोलणारी लाखो मुले आज पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर येथे आहेत. पणजी, इंदूर, बडोदा येथील मराठी घरांतही आहेत आणि परदेशांतील मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळांतही आहेत. दहा वर्षांचे असे मूल इंग्रजीत दोनशे पानांचे विनोदी पुस्तक एका बैठकीत संपवते, मात्र मराठीत त्याचा वाचनाचा वेग सहा वर्षांच्या मुलाचा असतो. मग आपण त्याला सहा वर्षांच्या मुलाचे पुस्तक देतो आणि ते त्याला बाळबोध वाटते, किंवा त्याच्या वयाचे देतो आणि पहिल्या पानावरचे ‘तत्पश्चात’ आणि ‘मार्गक्रमण’ वाचून ते मिटते. ‘हल्ली मुलांना मराठीची आवड नाही’ हा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे आहे. त्या मुलाला हवे आहे दहा वर्षांच्या डोक्याला पुरेल असे रहस्य किंवा विनोद, पण लहान वाक्यांत, मोठ्या टाइपात, बोलल्या जाणाऱ्या मराठीत, आणि जिथे जमेल तिथे चित्रपट्टीच्या रूपात. १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागलेल्या चिंटूने हे सहज साधले होते. तीन-चार चौकटी, मोजके शब्द, घरातला ओळखीचा प्रसंग आणि शेवटच्या चौकटीतला फटका. ज्या घरांत मुले वर्तमानपत्राला हात लावत नसत, तिथेही चिंटूचे पान आधी कुणी घ्यायचे यावर भांडणे होत. मराठी प्रकाशकांनी या मधल्या वयाकडे आणि मधल्या वाचनपातळीकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही, असे मला स्पष्टपणे वाटते. बंगालीतला फेलूदा, म्हणजे सत्यजित राय यांचा गुप्तहेर, अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठीत आला आणि मुलांनी त्याला आपले मानले. भारतीय भाषांमधून अशी आणखी कितीतरी पुस्तके आणता येतील, आणि भाषांतर चांगले असेल तर ते कुठून आले याची मुलांना पर्वा नसते.

आक्षेप असा घेतला जातो की निवड मुलांवर सोडली, तर ती भुताखेताच्या गोष्टी, विनोदी चुटके आणि कॉमिक्स यांपलीकडे जाणारच नाहीत. या भीतीत तथ्याचा एक अंश आहे. पण मराठी वाचकांच्या अनेक पिढ्या हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके अभ्यासाच्या वहीखाली लपवून वाचत मोठ्या झाल्या, आणि त्यांतलेच कितीतरी जण पुढे गंभीर साहित्याचे वाचक झाले. जे झाले नाहीत, त्यांनाही निदान पुस्तकात मन रमवता येत होते. उलट दिशेने, म्हणजे आधी कंटाळा आणि नंतर आवड असा प्रवास केलेला वाचक मला सहसा भेटत नाही. दुसरे असे की मुलाने निवडायचे म्हणजे मोठ्यांनी काहीच निवडायचे नाही, असा अर्थ नाही. कपाटात काय यावे हे मोठ्यांनी विचारपूर्वक, पुस्तके स्वतः वाचून ठरवावे. त्यात भुते असावीत तशीच पक्ष्यांची माहितीही असावी, फास्टर फेणे असावा तशीच एखादी शांत, उदास गोष्टही असावी. पण त्या कपाटातून आज काय घरी न्यायचे, अर्धे वाचून कोणते परत द्यायचे आणि कोणते तिसऱ्यांदा न्यायचे, हे मुलाने ठरवावे. न आवडलेले पुस्तक मध्येच सोडण्याची मुभा नसेल, तर नवे पुस्तक उघडण्याचे धाडस कोण करील?

चरित्रांबद्दलही गैरसमज नको. थोरांची चरित्रे मुलांना आवडू शकतात, जर त्यांत ते थोर आधी माणूस म्हणून भेटले तर. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ आजही मुलांना रडवते, कारण त्यातला श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, चुका करतो. नुसत्या सनावळ्या आणि विशेषणे भरलेली बत्तीस पानी चरित्रे मात्र मुलांवर आणि त्या थोरांवरही अन्याय करतात.

आता शाळांकडे येऊ, कारण ज्या मुलांच्या घरी एकही पुस्तक नाही, त्यांच्यासाठी निवड होते ती तिथेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा उल्लेख कायद्याने मुद्दाम केला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या पातळीनुसार ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे. रक्कम मोठी नाही, पण पाच हजारांत सुद्धा साठ-सत्तर चांगली चित्रपुस्तके येऊ शकतात. प्रत्यक्षात पैसे वर्ष संपताना हाती येतात, खर्च तातडीने दाखवायचा असतो आणि मग समोर येईल तो संच घेतला जातो. घेतलेली पुस्तके जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या यादीत, चढतात आणि कुलपात जातात, कारण पान फाटले तर जबाबदारी शिक्षकावर येईल अशी भीती असते. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिनी कपाट उघडते, मुले रांगेत बसून हाती आलेले पुस्तक उघडतात, छायाचित्र निघते आणि कपाट पुन्हा बंद होते. सगळ्या शाळांत असे होत नाही. जिथे एखादा वाचणारा शिक्षक आहे, तिथे वर्गात दोरीवर पुस्तके लटकलेली असतात आणि मुले ती स्वतः काढतात. पण ही गोष्ट त्या एका शिक्षकाच्या बदलीवर अवलंबून राहू नये.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिले सूत्र पुस्तके वापरण्यासाठी असतात हे आहे आणि दुसरे प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे हे आहे. शाळेच्या कपाटाला हे लावायचे, तर नियमांत काही साधे बदल करावे लागतील. मुलांच्या पुस्तकांची झीज हा वापराचा पुरावा मानून दरवर्षी काही टक्के पुस्तके कोणतीही चौकशी न करता निर्लेखित करण्याची, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याची, मुभा शिक्षकांना द्यावी. खरेदीपूर्वी पुस्तकांचे नमुने आठवडाभर वर्गात ठेवावेत आणि कोणती हातोहात फिरली ते पाहून मागणी नोंदवावी. अनुदानातला निदान एक तृतीयांश भाग असा मुलांच्या पसंतीने खर्च व्हावा. आठवड्यातून दोन तासिका शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी राखाव्यात आणि त्यावर प्रश्न विचारू नयेत. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. एका पडद्यावर संपूर्ण वर्गाला त्यातली गोष्ट दाखवता येईल, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांनीही बालविभाग नावापुरता न ठेवता शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत उघडा ठेवावा, कारण दुपारी अकरा ते पाच या वेळेत मूल तिथे येणे शक्यच नसते.

खरेदी समित्यांवर लेखक, अधिकारी आणि प्रकाशक यांचे प्रतिनिधी असतात. तिथे चौथी ते आठवीतल्या मुलांच्या एका वाचकगटाचे लेखी मत घेणे अवघड नाही. कोणते पुस्तक का आवडले, कुठे कंटाळा आला, कोणते मित्राला द्यावेसे वाटले, एवढे तीन प्रश्न पुरतील. पुढच्या वर्षीची यादी करताना समितीने आधीच्या वर्षी घेतलेली पुस्तके किती वेळा बाहेर गेली याची शाळांतील नोंद मागवावी, जी एकदाही उघडली गेली नाहीत ती यादीतून काढावीत, आणि ज्यांची पाने गळाली त्यांच्या नव्या प्रती, एकाऐवजी तीन, घ्याव्यात.